घराण्याचे रक्त, मनावरचा ताण आणि विषाणू : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच शंकेभोवती फिरतात. एकाच घरात, एकाच विषाणूने एक माणूस दगावतो आणि दुसऱ्याला साधी कणकणही येत नाही, असे का होते? यामागे घराण्याचा वारसा आहे की मनावरचा ताण? पत्रे थोडी संक्षिप्त करून, नावे न देता, येथे घेतली आहेत.

प्रश्न : 2021 च्या दुसऱ्या लाटेत माझे पती आणि धाकटे दीर दहा दिवसांच्या अंतराने गेले. पती सेहेचाळीस वर्षांचे होते आणि दीर एक्केचाळीस. दोघांनाही ना मधुमेह होता ना रक्तदाब. सासूबाई सत्तरीच्या, त्याच घरात होत्या, त्यांना केवळ खोकला झाला. आता नातेवाईक उघडपणे म्हणतात की या घराण्याचे रक्तच कमकुवत आहे. मला एकोणीस वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी आहे. यात काही तथ्य आहे का? (सातारा जिल्ह्यातील एक भगिनी)

तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले. ज्यांना तुम्ही गमावले त्यांच्याविषयी निदान करणे मला शक्य नाही आणि उचितही नाही. पण 'कमकुवत रक्त' या शब्दांमागे विज्ञानाला आज नेमके काय दिसते ते सविस्तर सांगतो, कारण त्यातला एक भाग थेट तुमच्या मुलाविषयी आहे.

संसर्गाने होणाऱ्या मृत्यूंत आनुवंशिकतेचा वाटा असतो, हे करोनाच्या कितीतरी आधी दिसून आले होते. डेन्मार्कमध्ये दत्तक दिलेल्या मुलांच्या 960 कुटुंबांचा अभ्यास 1988 साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे जन्मदाते आई किंवा वडील पन्नाशीच्या आत संसर्गाने वारले होते, त्या मुलांना स्वतःला संसर्गाने अकाली मृत्यू येण्याचा धोका इतरांच्या पाचपटींहून अधिक होता. ही मुले वाढली होती दुसऱ्याच घरात, दुसऱ्याच अन्नावर. तेव्हा वारसा असतो, हे नाकारता येत नाही. मात्र 'रक्त कमकुवत' म्हणजे सगळी प्रतिकारशक्तीच लेचीपेची, असा जो अर्थ लोक घेतात तो चुकीचा आहे. बहुधा एखादे जनुक, एखाद्या विशिष्ट विषाणूपुढे, एखाद्या विशिष्ट टप्प्यावर कमी पडते. बाकी सारे अगदी निरोगी असते. म्हणूनच असा माणूस चाळीस वर्षे कधी आजारी न पडता काढू शकतो.

करोनाच्या बाबतीत तो टप्पा कोणता, हे बऱ्यापैकी उलगडले आहे. विषाणू पेशीत शिरला की ती पेशी काही तासांतच इंटरफेरॉन नावाची प्रथिने बाहेर सोडते. आळीत चोर शिरल्यावर पहिल्या घराने आरोळी ठोकावी आणि बाकीच्यांनी भराभर दारांना कड्या घालाव्यात, तसे हे काम चालते. ही आरोळी वेळेवर उठली तर विषाणू नाक-घशातच अडतो. ती उशिरा उठली, किंवा उठलीच नाही, तर विषाणू फुप्फुसांत पोहोचतो, आणि मग आठवड्याभराने जागी झालेली उरलेली यंत्रणा एवढ्या जोराने तुटून पडते की नुकसान विषाणूपेक्षा दाहानेच जास्त होते.

विषाणूची चाहूल घेणाऱ्या जनुकांपैकी एक आहे टीएलआर-7. नेदरलँड्समध्ये 2020 साली दोन कुटुंबांतील दोन-दोन तरुण भाऊ करोनाने अत्यवस्थ झाले. चौघेही आधी धडधाकट होते. चौघांतही याच जनुकात दोष सापडला. पुढच्या वर्षी मोठ्या संख्येने रुग्ण तपासल्यावर असे दिसले की साठीच्या आतल्या अत्यवस्थ पुरुषांपैकी शंभरात साधारण दोघांत हा दोष होता. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रियांकडे दोन एक्स असल्याने एक बिघडला तरी दुसरा काम चालवतो. पुरुषाकडे एकच असतो. त्यामुळे आई सुखरूप आणि दोन मुलगे गंभीर, असे चित्र अशा घरांत दिसू शकते.

तुमच्या घरी हेच घडले असे मी म्हणत नाही. शंभरातल्या दोघांची ही गोष्ट आहे, आणि त्या एप्रिल-मे महिन्यांत प्राणवायू आणि खाट वेळेवर न मिळाल्याने गेलेली धडधाकट माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. पण वादासाठी क्षणभर धरून चालू की हाच दोष होता. तरीही तो तुमच्या मुलात असणे शक्य नाही. वडिलांकडून मुलाला वाय गुणसूत्र मिळते, एक्स मिळतो तो आईकडून, म्हणजे तुमच्याकडून. ज्या मुलाकडे बोट दाखवले जात आहे, त्याच्यापर्यंत हा वारसा पोहोचण्याची वाटच नाही. मुलीला वडिलांचा एक्स मिळालेला असतो, त्यामुळे तसा दोष असता तर तिच्यात तो असता, पण दुसऱ्या एक्समुळे तिला स्वतःला सहसा त्रास होत नाही. तिच्या पुढे होणाऱ्या मुलग्यांच्या बाबतीत मात्र तो विचारात घ्यावा लागला असता.

आणखी एक गोष्ट आपल्या नातेवाइकांना जरूर सांगा. करोनाने अत्यवस्थ झालेल्या रुग्णांपैकी किमान दहा टक्के लोकांच्या रक्तात इंटरफेरॉनलाच निकामी करणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) आढळली, आणि त्यांत पुरुषांचे प्रमाण फार मोठे होते. ही प्रतिपिंडे बहुतेकांत उतारवयाकडे झुकताना तयार होतात, जन्मतः नसतात. म्हणजे परिणाम अगदी तोच, आरोळी दाबली जाते, पण घराण्याचा त्यात काही संबंध असेलच असे नाही.

तपासणी करायची का, असेही तुमच्या मनात असेल. मुलांना आजवर वारंवार किंवा विलक्षण गंभीर संसर्ग झाले नसतील, तर केवळ भीतीपोटी करू नये. करायचीच असेल तर आनुवंशिकतेच्या तज्ज्ञाशी आधी बोलून, कोणते जनुक आणि कशासाठी हे ठरवून करावी. दोन्ही मुलांच्या लशी वेळच्या वेळी पूर्ण असू द्या. पहिल्या आरोळीत काही उणे असले तरी लशीमुळे पहारेकरी आधीच दाराशी उभे असतात.

प्रश्न : करोना गंभीर होण्याचे जनुक आपल्याला निअँडरथल मानवाकडून आले आणि ते निम्म्या भारतीयांत आहे, असे वाचले होते. मग आपण सारेच धोक्यात आहोत का? (पुण्याहून एक अभियंता)

बातमीचा मुळातला भाग खरा आहे. 2020 साली इटली आणि स्पेनमधील रुग्णांच्या अभ्यासात तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा गंभीर आजाराशी जोडलेला आढळला. ह्यूगो झेबर्ग आणि स्वांटे पेबो यांनी त्याच वर्षी दाखवून दिले की हा डीएनएच्या सुमारे पन्नास हजार अक्षरांचा तुकडा निअँडरथलांकडून, म्हणजे आपल्या नामशेष झालेल्या प्राचीन भाऊबंदांकडून, आलेला आहे. (पेबो यांना 2022 चे नोबेल मिळाले ते प्राचीन मानवांच्या जनुकांवरील कामासाठी.) युरोपात साधारण सोळा टक्के लोक तो बाळगून आहेत आणि दक्षिण आशियात निम्मे.

पण बातम्यांनी येथे थांबायला नको होते. काशी हिंदू विद्यापीठातील ज्ञानेश्वर चौबे, हैदराबादच्या पेशीय आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील के. थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 साली दक्षिण आशियातील लोकसमूहांची तपासणी करून असे मांडले की युरोपीयांत धोका दाखवणाऱ्या या तुकड्याचा आपल्याकडील आजाराच्या तीव्रतेशी तसा संबंध दिसत नाही. युरोपीय रुग्णांवर बेतलेली जोखीम आपल्यावर जशीच्या तशी चिकटवता येत नाही, हा धडा मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्यासाठी आपल्या माणसांचे जनुकीय अभ्यास आपल्याच प्रयोगशाळांत अधिक व्हायला हवेत. शिवाय त्याच निअँडरथलांकडून बाराव्या गुणसूत्रावर आलेला दुसरा एक तुकडा गंभीर करोनाचा धोका काहीसा कमी करतो. वारशात एकच वस्तू कधीच येत नाही.

प्रश्न : माझ्या जुळ्या मुली दिसायला हुबेहूब एक आहेत, डॉक्टरांनीही एकाच बीजाच्या असल्याचे सांगितले. पण थोरलीला दर पावसाळ्यात ताप येतो, धाकटीला क्वचित. जनुके एकच, तर असे कसे? (कोल्हापूरहून एक माता)

तुमच्यासारख्याच जोड्यांनी या शास्त्राला फार मोठे उत्तर दिले आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात 105 निरोगी जुळ्या जोड्यांच्या रक्तातील प्रतिकारयंत्रणेची 204 वेगवेगळी मोजमापे घेतली गेली आणि निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. कोणत्या पेशी किती, कोणता रासायनिक संदेश किती, अशी ती मोजमापे होती. त्यांपैकी 77 टक्के मोजमापांत जनुकांपेक्षा जनुकांबाहेरच्या गोष्टींचा पगडा जास्त होता. फ्लूच्या लशीला किती प्रतिपिंडे तयार होतात, यात तर आनुवंशिकतेचा माग लागलाच नाही. वय वाढेल तसा जुळ्यांतला फरक वाढत गेलेलाही दिसला.

या जुळ्यांत एक गोष्ट फार बोलकी निघाली. सायटोमेगॅलो नावाचा एक विषाणू बहुधा लहानपणीच, काही लक्षण न दाखवता, शरीरात शिरतो आणि कायमचा मुक्काम करतो. आपल्याकडे बहुतेक प्रौढांच्या शरीरात तो असतोच. ज्या एकबीजी जोड्यांत तो एकीच्या शरीरात होता आणि दुसरीच्या नव्हता, त्यांच्यात निम्म्याहून अधिक मोजमापे एकमेकींपासून दूर सरकली होती. एका पाहुण्याने घराची सारी मांडणी बदलावी, तसे हे आहे. तुमच्या थोरलीला बालवाडीत कोणता विषाणू आधी भेटला आणि धाकटीला कोणता, हे आज कोणालाही सांगता येणार नाही, पण फरकाचे मूळ तेथे असणे अगदी शक्य आहे. ताप येऊन दोन-तीन दिवसांत उतरत असेल, वजन आणि वाढ नीट असेल, तर काळजीचे कारण नाही. धाकटीशी तिची तुलना तिच्यासमोर करू नका, एवढे मात्र कळकळीने सांगतो.

प्रश्न : ताणामुळे सर्दी-ताप होतो, असे डॉक्टर सर्रास सांगतात. ज्याचे निदान होत नाही ते ताणावर ढकलायचे, असा हा प्रकार वाटतो. हे कोणी सिद्ध केले आहे का? (नागपूरहून एक निवृत्त प्राध्यापक)

आपली शंका रास्त आहे, आणि ती घेणाऱ्यांनीच हे सिद्ध केले आहे. अडचण अशी असते की ताणाखालचा माणूस कमी झोपतो, जास्त सिगारेट ओढतो, कदाचित गर्दीतही जास्त वावरतो. मग सर्दी ताणाने झाली की विषाणूच जास्त भेटल्याने, हे कसे ठरवणार? यावर एकच उपाय होता : विषाणूची मात्रा सर्वांना सारखी द्यायची.

इंग्लंडमध्ये सॉल्झबरी या गावाजवळ 1946 पासून 1990 पर्यंत केवळ सर्दीचा अभ्यास करणारे एक केंद्र होते. तेथे स्वयंसेवक काही दिवस बाहेरच्यांपासून अलग राहत. शेल्डन कोहेन, डेव्हिड टिरेल आणि अँड्र्यू स्मिथ यांनी तेथे 394 निरोगी माणसांच्या मनावरचा ताण आधी प्रश्नावलीने मोजला. गेल्या वर्षभरात आयुष्यात काय काय घडले, आपल्या हातातले सुटत चालले आहे असे वाटते का, मन उदास असते का, असे ते प्रश्न होते. मग सर्दीच्या पाच विषाणूंपैकी एकाचे थेंब प्रत्येकाच्या नाकात घातले. आणखी 26 जणांना नुसते मिठाचे पाणी दिले. त्यानंतर रोज तपासणी होई, आणि कोणी किती कागदी रुमाल वापरले हेही मोजले जाई.

निष्कर्ष 1991 साली प्रसिद्ध झाले. सर्वांत कमी ताण असलेल्या गटात सुमारे 27 टक्के लोकांना सर्दी झाली, सर्वांत जास्त ताणाच्या गटात 47 टक्के. मधल्या गटांत ताण वाढत गेला तशी सर्दीही वाढत गेली. धूम्रपान, मद्य, व्यायाम, आहार, झोप या साऱ्यांचा हिशेब करूनही हा फरक पुसला गेला नाही. मी विद्यार्थ्यांना हा प्रयोग शिकवताना दुसरी बाजूही नेहमी दाखवतो : सर्वाधिक ताणाच्या गटातल्याही निम्म्याहून अधिक लोकांना, नाकात विषाणू सोडूनही, सर्दी झाली नाही. ताण पारडे झुकवतो. निकाल लावत नाही.

कोहेन यांनी पुढे अमेरिकेत पिट्सबर्ग येथे हे काम चालू ठेवले. 1998 च्या अभ्यासात असे दिसले की महिन्याच्या आतल्या धावपळीने धोका वाढत नाही. धोका वाढतो तो महिना उलटून गेलेल्या ताणाने, विशेषतः बेकारी आणि जवळच्या माणसांशी चाललेला दीर्घ कलह यांनी. याचे कारण शरीरात शोधता येते. भीती वाटली की मेंदूतून निघालेला संदेश मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत जातो आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. कॉर्टिसॉलचे एक काम दाह आवरण्याचे आहे. ताण थोडक्यात आटोपला तर सारे पूर्वपदावर येते, इतकेच नव्हे तर त्या काही मिनिटांत विषाणूग्रस्त पेशी मारणाऱ्या नैसर्गिक मारक पेशी रक्तात अधिक संख्येने उतरतात. पण महिनोन्‌महिने कॉर्टिसॉल पाझरत राहिले की पांढऱ्या पेशी त्याकडे दुर्लक्ष करू लागतात, रोज ओरडणाऱ्या माणसाचे घरातले कोणी ऐकेनासे होते तसे. 2012 साली कोहेन यांनी दाखवले की दीर्घ ताणाखालच्या माणसांच्या पेशी अशा बहिऱ्या झालेल्या असतात आणि त्यांनाच सर्दी अधिक होते. सर्दीत नाक वाहते, घसा धरतो, ते मुख्यतः आपल्याच दाहामुळे, आणि तो आवरणारा हात येथे ढिला पडलेला असतो.

ताणाने जनुके बदलतात का, असे कोणी विचारील. अक्षरे तीच राहतात, कोणते पान उघडे ठेवायचे ते बदलते. माणसावर असा प्रयोग करता येत नाही, पण अमेरिकेत 45 माकडिणींवर तो झाला. ऱ्हीसस माकडांच्या टोळीत मानाची उतरंड असते. संशोधकांनी नव्या टोळ्या बांधताना कोणाला कधी आत घ्यायचे ते स्वतः ठरवून ही उतरंड आपल्या हातात घेतली. 2016 साली त्यांनी मांडले की तळाच्या माकडिणींच्या पांढऱ्या पेशींत दाहाची जनुके अधिक जोमाने चालतात आणि वरच्यांत विषाणूविरोधी जनुकांची वाट अधिक सक्रिय असते. टोळ्या पुन्हा ढवळल्या, मान बदलला, तेव्हा जनुकांचे चालणेही बदलले. रक्तात लिहिलेले कायमचे असते, असे आपण समजतो. येथे ते काही महिन्यांत पालटले.

प्रश्न : पत्नीला स्मृतिभ्रंश आहे. चार वर्षे मीच तिचे सारे करतो. गेल्या महिन्यात मला डाव्या बाजूला नागीण झाली. शेजारी म्हणाले, तिची दोन तोंडे मिळाली की माणूस वाचत नाही. डॉक्टर म्हणाले, ताणामुळे झाली. कोणाचे खरे? (रत्नागिरीहून एक वाचक, वय 71)

प्रथम शेजाऱ्यांचे. नागिणीची तोंडे मिळत नाहीत. माझ्याकडे आलेल्या एका शिक्षकांच्या अंगावर घरच्यांनी गेरूचा जाड लेप दिला होता. तो कोमट पाण्याने हळूहळू काढला तेव्हा खाली दिसले ते असे : पाठीच्या कण्यापासून निघालेला, बरगडीच्या रेषेने पुढे आलेला, लालसर त्वचेवर पाण्याच्या फोडांचा पट्टा, आणि छातीच्या बरोबर मधोमध, पट्टीने रेघ मारावी तसा तो थांबलेला. पलीकडची त्वचा अगदी स्वच्छ होती. कारण सरळ आहे. कण्यातून निघणारी प्रत्येक मज्जातंतूंची जोडी शरीराच्या दोन बाजू वाटून घेते, डावीची हद्द मध्यरेषेवर संपते. नागीण एका मज्जातंतूच्या वाटेने येते, म्हणून त्याच्या हद्दीपाशी थांबते. प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्या रुग्णांत क्वचित फोड सर्वांगावर पसरतात, त्यांना रुग्णालयात ठेवावे लागते, पण त्याचा तोंडे मिळण्याशी काही संबंध नाही.

आता डॉक्टरांचे. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. तो कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत दशकानुदशके पडून राहतो आणि टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी त्याच्यावर पहारा ठेवतात. पहारा सैल झाला की तो उठतो. पहारा सैल करणारे सर्वांत मोठे कारण वय आहे. त्यानंतर मधुमेह, कर्करोग, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे येतात. ताणाचा पुरावा यांच्याइतका भक्कम नाही, तरी तो आहे. अमेरिकेच्या अंतराळवीरांच्या लाळेत उड्डाणाच्या काळात आणि परतल्यावर कांजिण्यांच्या या विषाणूचे अंश सापडले, अंगावर एकही फोड नसताना. धडधाकट, निवडून घेतलेली ही माणसे होती.

आपल्या पत्रातील दुसऱ्या वाक्याने मात्र मला एका वेगळ्याच अभ्यासाची आठवण झाली. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर आणि रोनाल्ड ग्लेसर या दांपत्याने स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराची सेवा करणाऱ्या 32 जणांना आणि तशी जबाबदारी नसलेल्या 32 जणांना फ्लूची लस दिली. प्रतिपिंडे चौपट वाढली, तरच लस नीट लागली असे धरले जाते. सेवा करणाऱ्यांत ती 38 टक्क्यांत वाढली, इतरांत 66 टक्क्यांत. हे 1996 साली प्रसिद्ध झाले. म्हणजे आपण चार वर्षे जे करीत आहात, त्याचा भार शरीरात मोजता येतो. त्यात आपला मनाचा दुबळेपणा नाही. 'काळजी करू नका, ताण घेऊ नका' असे आपल्याला सांगणाऱ्यांनी आठवड्यातल्या दोन रात्री आपल्या पत्नीजवळ थांबावे, त्याचा उपयोग त्या सल्ल्यापेक्षा नक्कीच अधिक होईल. मुले किंवा भाचे-पुतणे असतील तर त्यांच्याकडे हे मागताना संकोच करू नका. औषध मागतो तसे मागा.

पुढच्या वेळी कोणालाही नागीण उठली तर फोड दिसल्यापासून 72 तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू व्हाव्यात. मागाहून महिनोन्‌महिने राहणारी वेदना वृद्धांना फार छळते. कपाळावर किंवा डोळ्याजवळ फोड असतील तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. फोडांतील पाण्याने दुसऱ्याला नागीण होत नाही, पण कांजिण्या न झालेल्या बाळाला किंवा गरोदर स्त्रीला कांजिण्या होऊ शकतात, म्हणून खपल्या धरेपर्यंत जागा झाकून ठेवावी. पन्नाशीनंतर घेण्याची दोन मात्रांची लस आता भारतात मिळते. पूर्ण बरे झाल्यावर ती घेण्याविषयी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी कोणता काढा किंवा गोळ्या घ्याव्यात? (अनेक पत्रे)

प्रतिकारशक्ती टाकीतल्या पाण्यासारखी नसते, की पातळी वाढवली म्हणजे झाले. वेळेवर उठणे आणि वेळेवर थांबणे, दोन्ही त्यात येते. 2020 साली ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन या कॉर्टिसॉलच्याच जातीच्या औषधाने कृत्रिम श्वासावरील करोना रुग्णांचे मृत्यू 41 टक्क्यांवरून 29 टक्क्यांवर आणले, म्हणजे प्रतिकारशक्ती आवरल्याने माणसे वाचली. प्राणवायूची गरजच न पडलेल्यांना मात्र त्याचा फायदा झाला नाही. तेच औषध पुढे कित्येकांनी ताप आल्याबरोबर, रक्तातील साखर न तपासता घेतले, आणि म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात किती जणांचे डोळे, जबडे घेतले ते आपण पाहिले आहे. एकच औषध, वेळ वेगळी. काढ्याला माझा विरोध नाही, पण त्याने विषाणू अडतो असे मानून लस चुकवू नये.

प्रश्न : मी परिचर्या महाविद्यालयात शिकते. परीक्षेच्या आठवड्यातच आम्हाला कावीळ-बी ची लस देणार आहेत. ताणामुळे ती वाया जाईल का? (छत्रपती संभाजीनगरहून एक विद्यार्थिनी)

वाया जाणार नाही. हा प्रश्न ओहायोच्या त्याच ग्लेसर दांपत्याने जवळजवळ याच शब्दांत विचारला होता. त्यांनी 48 वैद्यकीय विद्यार्थ्यांना तीन दिवस चाललेल्या परीक्षेच्या शेवटच्या दिवशी ही लस टोचली. पहिल्या मात्रेनंतरच प्रतिपिंडे दिसू लागली ती चौथ्या हिश्श्यात, आणि हे विद्यार्थी कमी ताण, कमी चिंता असलेले होते. तिसऱ्या मात्रेच्या वेळी ज्यांना आपल्यामागे माणसे उभी आहेत असे वाटत होते, त्यांचा प्रतिसाद अधिक जोरदार निघाला. फरक पडतो तो वेगाचा आणि जोराचा. लस मुळातच तीन मात्रांची आहे ती पहिल्या मात्रेत राहिलेले पुढे भरून निघावे म्हणूनच.

परीक्षेमुळे तारीख पुढे ढकलू नका, कारण रुग्णांच्या सुया हाताळायला तुम्ही त्यानंतर लगेच सुरुवात कराल आणि त्या धोक्यापुढे परीक्षेचा ताण फार लहान आहे. लशीच्या आसपासच्या रात्री झोप पुरी घ्या. कोहेन यांनी 153 माणसांवर केलेल्या 2009 च्या अभ्यासात सात तासांहून कमी झोपणाऱ्यांना, आठ तास किंवा अधिक झोपणाऱ्यांच्या तुलनेत, सर्दी जवळजवळ तिप्पट झाली होती. दुसरी मात्रा एका महिन्याने आणि तिसरी सहाव्या महिन्यात चुकवू नका. तिसऱ्या मात्रेनंतर एक ते दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी करून घ्या. पातळी 10 एककांच्या वर असेल तर संरक्षण मिळाले आहे. खाली असेल तर पुन्हा तीन मात्रा घ्याव्या लागतात, आणि त्यात बहुतेकांना प्रतिसाद येतो. तो कागद जपून ठेवा, नोकरीच्या पहिल्याच दिवशी मागितला जाईल.